हॅलो, कोण बोलतंय?

टेलिफोनचा शोध कोणी लावला, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येते. पण तो घरात आल्यावर त्यावर बोलत कोण होते, हे कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात विचारीत नाहीत. संसारी माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. रेडिओ घरात आला की तो आजीलाही ऐकू येतो आणि पाळण्यातल्या पोरालाही. टेलिफोनचे तसे नाही. यंत्र एक, रिसीव्हर एक आणि भोवती माणसे सात! मग बोलायचे कोणी?

आमचे म्हणणे असे, की या प्रश्नाचा निकाल घरच्या वडीलधाऱ्यांनी दिला असे नुसते दिसते. वास्तविक तो दिला फोनच्या दराने. दर जसजसा उतरत गेला, तसतसे घरातले एकेक नवे माणूस बोलू लागले. विश्वास बसत नसेल, तर वाचकांनी फराळाचे ताट शेजारी घ्यावे आणि आमच्याबरोबर थोडे मागे चलावे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची पहिली एक्स्चेंजे निघाली ती १८८२ च्या जानेवारीत. आमचे शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आणि तेव्हाचे औरंगाबाद, त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. १९४८ साली ते राज्य गेले, तरी १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबादच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ पासून मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सरकारी निरोपांचे तोंड हैदराबादकडून मुंबईकडे फिरले. देश स्वतंत्र झाला तेव्हा सबंध देशात मिळून लाखभरसुद्धा टेलिफोन नव्हते. त्यांतले जिल्ह्याच्या गावाला असे कितीसे येणार? कचेरी, पोलिस, इस्पितळ, एखादा नाव मिळवलेला डॉक्टर किंवा वकील, आणि मोंढ्यातले बडे आडते, एवढ्यांत ते संपत.

गावातल्या गावात बोलणे म्हणजे लोकल कॉल. त्याला पुष्कळ वर्षे वेळेचे बंधन नव्हते. एकदा नंबर लागला की मीटर एकदा पुढे सरके, मग दोन मिनिटे बोला की वीस. पण वेशीबाहेर बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल, आणि ट्रंक कॉल हे एक छोटेसे कार्यच असे. आधी एक्स्चेंजला फोन करून तो नोंदवायचा. तिकडची बाई विचारी, ‘ऑर्डिनरी की अर्जंट?’ ऑर्डिनरी म्हणजे साधा. लाइन मोकळी होईल तेव्हा लागेल, तोवर फोनजवळून हलायचे नाही. अर्जंट म्हणजे त्याच बोलण्याला दुप्पट पैसे. त्याहून वर होता लाइटनिंग कॉल, म्हणजे विजेच्या वेगाचा. त्याचा दर ऐकूनच माणसाची घाई कमी होत असावी! घाई किती आहे हे आपणच ठरवायचे आणि तिची किंमतही आपणच मोजायची, असा तो चोख व्यवहार होता.

बोलण्याचे एकक तीन मिनिटांचे. एका मिनिटात संपवले तरी पैसे तीन मिनिटांचेच. वेळ भरत आली की मध्येच ऑपरेटर बाईंचा आवाज येई, ‘तीन मिनिटे झाली, पुढे बोलायचे आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची ऐपत फार थोड्या घरांत होती.

याच काळात ‘पी.पी.’ नावाचा प्रकार निघाला. पर्टिक्युलर पर्सन, म्हणजे अमुकच माणसाशी बोलायचे आहे असे सांगून लावलेला कॉल. त्यासाठी थोडे जादा पैसे पडत. पण तो माणूस फोनवर आल्याखेरीज बोलण्याचे पैसे चढत नसत. पुढे या अक्षरांना मध्यमवर्गाने दुसराच अर्थ दिला. लग्नपत्रिकेवर किंवा भेटीच्या कार्डावर नंबर छापून त्यापुढे ‘पी.पी.’ लिहिले, की समजावे, हा फोन शेजारच्यांचा आहे. शेजारीही बिचारे ‘अहो, तुमचा फोन!’ म्हणून जिन्यावरून हाका मारीत.

आता असा फोन लागल्यावर बोलत कोण असे? अर्थात घरचा कर्ता पुरुष. बोलणेही ठरलेले: मालाचा भाव, कोर्टाची तारीख, बदलीचा हुकूम, नाही तर कोणाच्या आजारपणाची वार्ता. आनंदाच्या बातमीला पत्र पुरत असे, फार तर तार. त्यामुळे रात्री ट्रंक कॉल आला म्हटले की रिसीव्हर उचलण्याआधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. सासरी गेलेल्या लेकीशी ‘जेवलीस का?’ एवढे बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवणारा बाप विरळाच. आणि समजा, सणासुदीला नोंदवलाच, तर रिसीव्हर आधी वडिलांकडे, मग थोरल्या भावाकडे, मग आईकडे. आजीच्या कानाला तो लागेपर्यंत तीन मिनिटे होऊन गेलेली असत.

घरी स्वतःचा फोन घ्यावा म्हटले, तर अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहायची. अनामत भरून नंबर लवकर मिळवण्याची ‘ओन युअर टेलिफोन’ नावाची योजनाही होती; तिला जवळ लागे ती गाठीची रक्कम. एवढे करून आलेल्या त्या काळ्या यंत्राला दिवाणखान्यात जागा मिळे, अंगावर विणलेले आवरण मिळे, आणि डायलला एक बारीकसे कुलूप! किल्ली कोणाच्या जानव्याला किंवा खिशात असे, हे वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर एस.टी.डी. आली. ऑपरेटर बाईंना मध्ये न घेता आपणच परगावचा नंबर फिरवायचा. देशात हा प्रयोग पहिल्यांदा झाला १९६० साली, कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान. प्रत्येक शहराला शून्याने सुरू होणारा संकेतांक मिळाला, आमचा ०२४०. मात्र ज्याला आपण आज सर्रास एस.टी.डी.चे दिवस म्हणतो, ते यायला आणखी पाव शतक लागले. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने आपल्या हवेला, धुळीला आणि उन्हाळ्याला टिकतील अशी छोटी एक्स्चेंजे तयार केली. ती वातानुकूलित खोलीवाचून चालत. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाट्या झळकल्या: एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यामुळे हजारो घरांची चूलही त्यावर पेटली.

आमच्या शहराला ही पाटी विशेष मानवली, आणि त्याला कारण आहे. हे शहर परगावच्या माणसांनी वाढवलेले आहे. १९५८ साली येथे विद्यापीठ झाले. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादची मुले शिकायला आली. १९८१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. त्याच्यामागे पक्षकार आले. आधी चिकलठाण्याला आणि मग ऐंशीच्या दशकात वाळूजला कारखाने आले. बजाजचा कारखाना १९८५ चा. सिडकोने नवी वसाहत बांधली, तिच्यात बदलीची आणि नोकरीची बिऱ्हाडे आली. एवढ्या माणसांचे आईवडील दुसऱ्या गावी म्हटल्यावर बूथ ओस पडणार कसा?

बूथमधल्या मीटरची युक्ती मोठी मजेदार होती. लोकल कॉलला जो ‘पल्स’ काही मिनिटे पुरे, तोच परगावच्या कॉलला काही सेकंदांत संपे, आणि गाव जितके लांब तितके ते सेकंद कमी. जालन्याला बोलताना लाल आकडे बैलगाडीच्या चालीने सरकत. मुंबईला बोलताना टांग्याच्या. आणि दिल्लीला बोलताना ते पाहवत नसत. नव्वदीच्या दशकात हजार किलोमीटरपलीकडे भर दिवसा बोलायचे तर मिनिटाला तीस रुपयांहून अधिक पडत. म्हणून लोक रात्रीची वाट पाहत. संध्याकाळी दर निम्मा होई आणि अकरानंतर पाव. ज्या वेळी सभ्य माणसाने झोपावे, त्या वेळी वसतिगृहांजवळच्या बूथवर रांग लागे.

त्या रांगेत नवी माणसे होती. वीस वर्षांचा विद्यार्थी होता, कारखान्यातला शिकाऊ कामगार होता, वसतिगृहातली मुलगी होती. म्हणजे पाव दराने घरातली तरुण पिढी बोलती केली. पलीकडच्या टोकाला बहुधा आई असे, आणि तीही पुष्कळदा शेजारच्यांच्या फोनवर, चप्पल न घालता धावत आलेली. तिला विचारायचे असत दहा प्रश्न. पण लाल आकडे दिसत नसूनही तिला त्यांचे भान असे, आणि ‘ठेव आता, बिल वाढेल’ हे वाक्य तिच्या तोंडी आधी येई.

मोबाईल आला तो मात्र साहेबी थाटात. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या सुरुवातीच्या दिवसांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आपण केलेल्या फोनचेच नव्हे, आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. चहाला बोलावून चहाचे पैसे पाहुण्याकडून घ्यावेत, तशातला हा प्रकार! साहजिकच हा फोन कमरेला लावून मिरवणारे पुष्कळ आणि त्यावर बोलणारे थोडे.

खरी क्रांती झाली २००३ साली, जेव्हा आलेला कॉल फुकट झाला. या तारखेचा उत्सव कोणी करीत नाही. पण आमच्या मते घराच्या इतिहासात तिला फार मोठे स्थान आहे. तोवर फोनसाठी पैसे लागत. यापुढे ज्याच्या खिशात काही नाही, त्याच्याशीही कोणाला बोलता येऊ लागले. रंगारी, नळ दुरुस्त करणारा, धुण्याभांड्याची बाई, रिक्षावाला, वाळूजच्या खोलीत पाच जणांत राहणारा बिहारचा मजूर, सगळ्यांना नंबर मिळाला. २००४ साली देशात मोबाईलची संख्या घरच्या तारेच्या फोनांच्या पुढे गेली.

आणि घराच्या आत आणखी एक गोष्ट घडली. सासरच्या मुलीला माहेरचा फोन पूर्वी दिवाणखान्यात येई. सासरे उचलीत, कोण, कुठून, काय काम हे विचारीत, मग हाक जाई. ती पदर सावरून येई आणि चार माणसांच्या देखत ‘हो’, ‘बरं’, ‘ठीक आहे’ या तीन शब्दांत बोले. पलीकडे आई त्या तीन शब्दांवरून लेकीचे सुख-दुःख ताडीत असे. मोबाईल तिच्या स्वतःच्या हाती आला आणि तिचा फोन तिच्याच हातात वाजू लागला. स्वयंपाकघरात दार लोटून आईशी दहा मिनिटे मनातले बोलता येणे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याने दिली नव्हती. ती एका दरपत्रकाने दिली.

पैसे वाचवण्याची आपली जुनी सवय मात्र सुटली नाही, आणि तिच्यातून ‘मिस्ड कॉल’ जन्मला. ‘पोचलो की दोन रिंगा देतो’ ही पद्धत घरच्या फोनवरही होतीच. मोबाईलने तिची भाषाच केली. एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे निघालो, आणि लागोपाठ तीन मिस्ड कॉल म्हणजे ‘माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत, तूच लाव!’ ही देशी कल्पना पुढे फार लांब गेली. २०११ साली राळेगणच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनात लोकांनी पाठिंबा दिला तो मिस्ड कॉल देऊन. बंगळूरच्या ‘झिपडायल’ कंपनीने मिस्ड कॉलवर धंदा उभारला, आणि २०१५ साली ती अमेरिकेच्या ट्विटरने विकत घेतली. न उचललेल्या फोनचे पैसे झाले, असे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

मग दर उतरू लागले ते घसरगुंडीवरून उतरावे तसे. मार्च २००६ मध्ये बी.एस.एन.एल. आणि एम.टी.एन.एल. यांनी देशात कुठेही एक रुपया मिनिट अशी योजना आणली. पैठणला बोला की पाटण्याला, पैसे तेवढेच. २००९ साली सेकंदाला एक पैसा आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि बोलण्याला वेगळे पैसेच राहिले नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे आकडे बोलके आहेत. २०१६ च्या सुमारास एक मोबाईलधारक, आलेले व केलेले कॉल धरून, महिन्याला चारशे मिनिटांच्याही आत बोलत होता. अलीकडे हा आकडा हजार मिनिटांच्या आसपास गेला आहे. व्हॉट्सॲपवरचे बोलणे त्यात धरलेले नाही, ते निराळेच!

दर गेले, तसे कॉलचे जुने प्रकारही गेले. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग गेले. लोकल आणि एस.टी.डी. हा भेद गेला. घरच्या तारेचा फोन पुन्हा थोडा वाढतो आहे, पण तो इंटरनेटसाठी. त्यावर बोलतो कोण? आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना जानेवारी २०२१ पासून मोबाईल लावताना आधी शून्य फिरवावे लागते. पूर्वी शून्य फिरवले की माणूस परगावी पोचे. आता दिवाणखान्यातून शेजारच्या खोलीतल्या मुलाला फोन करायचा तरी शून्य लावावे लागते!

मात्र प्रकार संपले असे समजू नये. नवे निघाले आहेत. नातवंडांचा व्हिडिओ कॉल आहे. रविवारी पुणे, संभाजीनगर आणि न्यू जर्सी यांना एकत्र बसवणारा कुटुंबाचा कॉल आहे. तरुण मंडळींत तर अचानक फोन करणे उद्धटपणाचे मानतात. आधी ‘फोन करू का?’ असा निरोप पाठवायचा आणि होकार आला तर लावायचा. म्हणजे फिरून ट्रंक बुकिंगच की! फरक इतकाच, की पूर्वी लाइन मोकळी नसे आणि आता माणूस मोकळा नसतो.

येथेच आमच्या हिशेबाची गाठ आहे. दर होता तोवर गप्प राहणाऱ्याला कारण होते. आता दर नाही. तरीही घरात एक माणूस असे आहे, की त्याचा फोन फारसा वाजत नाही. सिडकोतल्या किंवा गारखेड्यातल्या त्या घरांत पाहा, जिथली मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी आहेत. आजोबांच्या हाती उत्तम फोन आहे. मुलानेच पाठवला आहे. सकाळी त्यावर शुभेच्छांची फुले येतात. आणि प्रत्यक्ष घंटा वाजते ती बहुतेक अनोळखी माणसाची: कर्ज हवे का, कार्ड हवे का, प्लॉट हवा का.

त्याच घंटेतून कधीकधी भामटाही बोलतो. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेला माल सापडला’ असे सांगतो, पोलिसाचा पोशाख घालून व्हिडिओवर येतो, ‘डिजिटल अटक’ झाली म्हणतो आणि तासन् तास फोन ठेवू देत नाही. आपल्या कायद्यात अशी अटक नाही. व्हिडिओ कॉलवरून कोणताही पोलिस कोणाला अटक करीत नाही आणि पैसे भरायला सांगत नाही. फसणारी माणसे अडाणी असतात, असेही नाही. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यांनी आयुष्याची पुंजी गमावली आहे. भीती हे त्याचे एक कारण. पण आमच्या मनात दुसरे एक येते. ज्याच्याशी दिवसभरात कोणी दहा मिनिटे बोललेले नसते, त्याला तो भामटा तासभर बोलण्यात गुंतवतो. आणि ‘थांबा, मुलाला विचारतो’ असे म्हणण्याची आजोबांची सवय मोडलेली असते, कारण मुलगा नेहमीच मीटिंगमध्ये असतो.

तेव्हा या दिवाळीत दोन-तीन गोष्टी घरोघर ठरवून टाकाव्यात. अनोळखी फोनवर पैशाची किंवा पोलिसांची भाषा निघाली, तर एक शब्द न बोलता फोन ठेवायचा आणि घरच्या ठरलेल्या माणसाला लावायचा. तो माणूस मीटिंगमध्ये असला तरी त्याने तो उचलायचा. पैसे गेलेच, तर क्षणाचा विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवायचे. टेलिफोनवरून माल विकणाऱ्यांना १४० ने सुरू होणारे नंबर दिले आहेत, हेही वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. आणि आठवड्यातला एक वार, एक वेळ आईवडिलांच्या फोनासाठी पक्की करावी. औषधाची चौकशी झाली की संपला, असा तो फोन नसावा. शेजारी कोण भाडेकरू आला, चकली का बिघडली, मोसंबीचा भाव काय झाला, हे सगळे त्यात यावे. ज्या बोलण्याला पूर्वी ट्रंक कॉलचा दर परवडत नसे, ते हेच बोलणे.

भाऊबीजेला यंदाही बरेच भाऊ पोचू शकणार नाहीत. फोन लागेल, पडद्यावर चेहरे दिसतील, सगळे एकदम बोलू लागतील आणि कोणाचेच कोणाला ऐकू येणार नाही. तसे होऊ लागले, तर एवढे करावे: फोन सगळ्यांत आधी आजीच्या हाती द्यावा. तीन मिनिटे झाली म्हणून सांगायला आता मध्ये कोणी नाही.